दांडीत ब्रेकची दांडी

आमच्या गावाचं नाव दांडी. फोनवर हे नाव सांगितलं की पलीकडचा माणूस जरा सावरून बसतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे गांधीजींची दांडी?" नाही हो. ती गुजरातेत, नवसारी जिल्ह्यात. आमची पालघर जिल्ह्यात. बोईसर स्टेशनला उतरायचं, समुद्राचा वास ज्या बाजूनं येतो त्या बाजूची एसटी धरायची आणि नवापूर, उच्छेळी अशा शेजाऱ्यांच्या घोळक्यात आम्हाला शोधायचं. गांधीजी १२ मार्च १९३० रोजी ७८ सहकाऱ्यांना घेऊन साबरमतीहून निघाले, २४ दिवसांत सुमारे ३८५ किलोमीटर चालले आणि ६ एप्रिलला त्यांनी मूठभर मीठ उचललं. समुद्र तोच, मीठही तेच. फरक एवढाच की तिकडे माणसानं मीठ उचललं, इकडे मीठ माणसाच्या वस्तू उचलतं. खिडकीचे गज, सायकलची साखळी, शेगडीचे पाय, देवघरातल्या घंटेची कडी. आमच्या गावात लोखंडाची कुठलीही वस्तू हप्त्याहप्त्यानं समुद्राला परत जात असते.

नावाचा दुसरा ताप पोरांना. बाहेरगावच्या शाळेत पहिल्याच दिवशी हजेरी घेताना गुरुजी विचारतात, "गाव कुठलं?" पोरगं म्हणतं, "दांडी." मग गुरुजींच्या चेहऱ्यावर एक प्रकाश पडतो आणि ते म्हणतात, "गाव दांडी, आणि मारत नाहीस ना?" वर्ग हसतो. हा विनोद माझ्या वडिलांच्या वेळी झाला, माझ्या वेळी झाला, आता पुतण्याच्या वेळीही झाला. गुरुजी बदलले, विनोद तोच राहिला, आणि प्रत्येक गुरुजींना तो त्यांना आत्ताच सुचल्यासारखा वाटला.

यंदाच्या जानेवारीत तो माझ्या अंगावर आला. माझ्या जीपच्या पुढच्या दोन्ही ब्रेकनी एकाच दिवशी दांडी मारली.

जीप १९८७ची. माझ्याकडे ती तिसऱ्या की चौथ्या संसाराला आली, कागदपत्रांवरून नक्की कळत नाही. १९४७ साली महिंद्रांनी विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला घेतल्या, त्या घराण्यातली ही धाकटी पाती. इंजिन प्युजो जातीचं, २,११२ सीसीचं डिझेल. सकाळी चावी मारली की ते आधी खोकतं, मग विचार करतं, मग गावाला उठवतं. ज्यांनी ती बनवली त्यांचा पुढच्या कथेत काडीइतकाही दोष नाही, हे आधीच सांगतो. चाळीस वर्षांनी त्यांच्या दारात जाऊन ब्रेक मागण्याइतका मी कोडगा नाही. दोष मिठाचा, आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवर फोर व्हील टाकून पाणी उडवत जायची हौस असलेल्या, पण घरी आल्यावर गोड्या पाण्यानं चाकं धुवायचा कंटाळा असलेल्या माणसाचा. जीप घेताना घरात कारण सांगितलं होतं की जाळी आणि बर्फ वाहायला बरी. घरातल्यांनी विश्वास ठेवल्यासारखं दाखवलं, आणि तेव्हापासून बर्फ टेम्पोनंच येतो.

तर नवापूर नाका. सकाळी नऊची वेळ. समोर शहाळ्यांची हातगाडी. मी ब्रेकवर पाय दिला. पॅडल कडक, अगदी जसं असावं तसं. मागची चाकं जागच्या जागी खिळली, टायरनी किंकाळी फोडली आणि जीप मात्र पुढेच निघाली. पुढची दोन चाकं इतकी निवांत फिरत होती की मागे काही घडतंय याची बातमी त्यांच्यापर्यंत गेलेलीच नव्हती. बंपर शहाळ्यांपासून वीतभर अंतरावर थांबला. शहाळेवाला काहीच बोलला नाही. त्यानं शांतपणे एक शहाळं तासलं, माझ्या हातात दिलं आणि दुप्पट भाव सांगितला. मी दिला. काही व्यवहारांत घासाघीस करायची नसते.

आता पुढचे ब्रेक नसले तर एवढं काय बिघडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एसटीत उभं राहून प्रवास केलेला नाही. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी सगळे पुढे झुकतात. गाडीचं वजनही तसंच पुढे झुकतं. त्यामुळे थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढच्या चाकांच्या गळ्यात पडतं. मागची चाकं हलकी होतात आणि जरा जोर पडला की घसरायला लागतात. गंमत म्हणजे मोटारी नव्या होत्या तेव्हा बहुतेकींना पुढे ब्रेकच नसत. पुढे ब्रेक लावला तर गाडी कोलांटी खाईल अशी लोकांना धास्ती. चारही चाकांना ब्रेक ही पद्धत १९२०च्या दशकात रुळली. म्हणजे नवापूर नाक्यापासून घरापर्यंत मी १९१०च्या पद्धतीनं गाडी चालवत आलो. पहिल्या गिअरमध्ये, एक हात हँडब्रेकवर आणि दुसरा हात हॉर्नवर. स्टिअरिंग ज्याचं त्यानं बघावं.

बॉनेट उघडल्याचा आवाज आमच्या गावात होडी किनाऱ्याला लागल्याच्या आरोळीइतक्या वेगानं पसरतो. पाच मिनिटांत अंगणात मंडळी जमली.

पहिले आले तांडेल काका. चाळीस वर्षं होडी चालवलेली, आता गुडघे थांबलेत. त्यांनी जीपकडे पाहिलंच नाही, समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "हवा धरली." होडीच्या इंजिनच्या डिझेल लाइनीत हवा शिरली की इंजिन भर समुद्रात बसतं, हे काकांनी आयुष्यभर भोगलेलं. त्यामुळे बंद पडलेल्या कुठल्याही वस्तूनं त्यांच्या मते हवाच धरलेली असते. त्यात मिक्सर आला, टीव्ही आला, एक जावईही आला. ब्रेकच्या लाइनीत हवा शिरते हे खरं आहे. पण हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. हवा शिरली की पॅडल भिजलेल्या पावासारखं मऊ लागतं. आमचं पॅडल दगडासारखं कडक होतं. हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "मग कडक हवा असेल."

दुसरे आले शेजारचे साहेब. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले. हे केंद्र १९६९ साली सुरू झालं, देशातलं पहिलं, त्यामुळे साहेबांच्या बोलण्यात अजून त्या पहिलेपणाची ऐट आहे. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "लॉगबुक कुठाय?"

"कसलं?"

"ब्रेकचं. शेवटचं काम कधी झालं, कोणी केलं, सही कोणाची."

सही शहाळेवाल्याची घ्यावी लागेल, असं मी मनात म्हटलं.

साहेब म्हणाले, "अहो, एका यंत्रणेवर कधी विसंबायचं नाही. एक गेली तर दुसरी हवी, दुसरी गेली तर तिसरी हवी. तुमच्याकडे दुसरी काय आहे?"

"हँडब्रेक."

"चालतो?"

"सपाटीवर चालतो."

"आणि तिसरी?"

"शहाळ्यांची गाडी."

साहेबांनी वही काढून काहीतरी लिहून घेतलं. त्यांना विनोद चालत नाही. जिथं त्यांनी नोकरी केली तिथं ते बरोबरच होतं.

तिसरा भाचा. एमआयडीसीत केमिकलच्या कारखान्यात असतो. त्यानं ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून वास घेतला आणि चेहरा वाकडा केला. "मामा, आपण म्हणतो ऑइल, पण हे तेल नाहीच. ग्लायकोल आहे. हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं असताना २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलं की १४०लाच उकळायला लागतं. आणि तेच पाणी आतून लोखंड गंजवतं." हे डॉट थ्री जातीच्या ऑइलचं गणित त्यानं तोंडपाठ म्हटलं. मला ते पटलं, कारण ज्या गावात भाजलेला पापड ताटापर्यंत येताना नरम पडतो, त्या गावात ब्रेक ऑइलकडून वेगळी काय अपेक्षा करायची? "हे ऑइल दोन-एक वर्षांनी बदलायचं असतं," भाचा म्हणाला. "तुम्ही कधी बदललंत?" मी त्याला चहा घेतोस का विचारलं.

असा प्रत्येकाला माझ्या जीपमध्ये आपापला धंदा दिसला. मग मिस्त्री आला आणि त्याला त्याचा दिसला.

मिस्त्री माणूस हुशार. पुढचा भाग जॅकवर उचलून खाली ठोकळे दिले, मला पॅडलवर बसवलं आणि ओरडला, "शेठ, दाबा!" मी दाबलं. त्यानं पुढची दोन्ही चाकं हातानं फिरवली. भिंगरीसारखी गरगरली. मग मागचा भाग उचलला. "दाबा!" मागची चाकं हलेनात. "मागं बरोबर, पुढं खलास," मिस्त्री म्हणाला. याहून अचूक निदान शक्य नव्हतं, आणि इथंच थांबून माणसानं पाच मिनिटं विचार केला असता तर पुढचे चार दिवस वाचले असते. पण मिस्त्रीच्या हातात पाना होता, आणि हातात पाना असताना विचार करणं म्हणजे हातात लाडू असताना उपास आठवणं.

पुढचा ड्रम निघेना. मिठानं तो असा धरून ठेवलेला की हातोडीनं कडेकडेनं ठोकून, शिव्या देऊन, मध्ये बिडी पिऊन, पुन्हा ठोकून तो एकदाचा सुटला. आतलं दृश्य ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उभी कढई. तिच्यात दोन अर्धचंद्र, त्यांना शू म्हणतात. शूच्या पाठीला लायनर. दोन शूंच्या मध्ये अंगठ्याएवढा सिलिंडर. पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल त्या सिलिंडरात येतं, दोन बाजूंनी दोन पिस्टन बाहेर सरकतात, शू फाकतात आणि लायनर कढईला आतून धरतात. पण दोन्ही शू सारखं काम करत नाहीत. वरातीत बेंजोपुढे दोन मामा असतात ना, तसं. एकाला फिरती गर्दी स्वतःच आत ओढते आणि तो जीव तोडून नाचतो. दुसऱ्याला तीच गर्दी बाहेर ढकलते आणि तो कडेला उभा राहून टाळी दिल्यासारखं करतो. जीप उलटी चालवली की मामांची अदलाबदल होते. ही रचना मला फार माणुसकीची वाटते.

डिस्क ब्रेक उघड्यावर असतो, अंगावर पाणी उडालं तर भिरकावून देतो. ड्रमचं तसं नाही. ड्रममध्ये शिरलेली वाळू घरजावयासारखी. बाहेर जायचं नाव नाही, आणि आतलं सगळं खात बसते. आमच्या ड्रममधून एवढी वाळू निघाली की पुतण्यानं किल्ला करायला मागितली. उरलेली भुकटी उडवायला मिस्त्रीनं गाल फुगवले तोच साहेब ओरडले, "फुंकू नका! जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असतं! ओल्या फडक्यानं पुसा!" मिस्त्रीनं फुगवलेले गाल हळूच खाली बसवले. चार दिवसांत समितीनं दिलेला हा पहिला उपयोगी सल्ला.

लायनर झिजलेले होते. मिस्त्रीनं नवे टाकले, ॲडजस्टर आवळून चाक किंचित घासेपर्यंत आणलं आणि मग थोडं मागं सोडलं. "दाबा!" भिंगरी.

दुसऱ्या दिवशी डाव्या चाकाचा सिलिंडर उघडला. आत पिस्टन गंजून बसलेला. हलेना, डुलेना. मिस्त्रीनं तो वर धरून सगळ्यांना दाखवला. सोन्याची नाणी सापडावीत तसा अंगणात जल्लोष झाला. "सापडला!" तांडेल काका म्हणाले, "मी म्हटलंच होतं," जरी त्यांनी हवा म्हटलं होतं. साहेबांनी वहीत तारीख घातली. चहा आला.

डावा जाम होता हे खरं. पण मग उजवा का चालत नव्हता? हा प्रश्न कोणीही विचारला नाही. चहा आलेला असताना असले प्रश्न विचारत नाहीत. एक चोर हातात सापडला की चोरी त्यानंच केली असणार, असं धरून चालणं सगळ्यांनाच सोयीचं असतं. चोराला सोडून.

सिलिंडर आतून खड्डे पडलेला, पॉलिश पेपरनं घासून उपयोग नव्हता. बोईसरहून नवा आला. उजव्याला रबरी किट. "दाबा!" भिंगरी.

मग तांडेल काकांच्या समाधानासाठी हवा काढायचं ठरलं. हवा काढणं हा दोन माणसांनी म्हणायचा मंत्र आहे. एक पॅडलवर, एक चाकाशी. "मार... मार... मार... धर!" मी धरलं की मिस्त्री चाकामागचं निपल अर्ध्या आट्यानं सोडतो, बुडबुड्यांसकट ऑइल चिळकांडी मारून बाटलीत येतं, निपल बंद, "सोड!" पाय उचलायचा तो निपल बंद झाल्यावरच, नाहीतर बाहेरची हवा आत. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी. मागच्या चाकांना चिळकांड्या फुटल्या. पुढच्या चाकांना, सर्दी झालेल्या नाकासारखा, एक थेंब आला आणि तिथंच लोंबत राहिला.

"पुढची लाइन लांब पडते," मिस्त्री म्हणाला.

"मास्टर सिलिंडर पुढंच आहे ना?" मी विचारलं.

मिस्त्रीनं मोजमापाचा विषय सोडला आणि निपल चोक असेल म्हणून त्यात तार घातली. निपल साफ होतं. मग मास्टर सिलिंडर. आमच्या जीपचा मास्टर जुन्या पद्धतीचा, एकाच कप्प्याचा. त्यातून निघालेलं तेल चारही चाकांना जातं. द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे पास्कलनं सतराव्या शतकात सांगून ठेवलंय. मागच्या चाकांना दाब पोहोचतोय म्हणजे मास्टर ठीक आहे, हेही त्यातच आलं. पण पास्कल बोईसरच्या बाजूला कधी आला नाही. मास्टर खोलला, किट टाकलं, आणि ते करताना अर्धी बाटली ब्रेक ऑइल मडगार्डवर सांडलं. ब्रेक ऑइल रंग खातं. सकाळपर्यंत मडगार्डचा हिरवा रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटून आला.

"दाबा!"

तुम्हाला माहीत आहे.

या चारही दिवसांत ओट्यावर एक मावशी बसून होती. बांबूंवर बांधलेल्या दोऱ्यांना बोंबील टांगून झाले की ती आमच्याकडे यायची, पाय लांब करून जवळा निवडत, मोरळीवर मासळी कापत बसायची. तिला रोज पहाटे टोपल्या घेऊन बोईसरच्या बाजारात जायचं असतं आणि गेली दोन वर्षं ती माझ्या जीपनं जाते. भाडं पापलेटात देते. चार दिवस तिचे हाल चालले होते, पण ती काही बोलली नव्हती. चौथ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री कपाळ पुसत म्हणाला, "शेठ, आता चारी ड्रम लेथवर टर्निंगला टाकू." तेव्हा मावशीनं मोरळीवरचा हात थांबवला.

"काय रे पोरा, चाकं दोन्ही एकाच दिवशी बंद पडली?"

"हो."

"एकदम?"

"एकदम."

"माझे दोन नातू आहेत. एकानं शाळेला दांडी मारली तर त्याच्या पोटात दुखतंय, नाहीतर गृहपाठ झालेला नाही. पण दोघांनी एकाच दिवशी मारली, तर मी आधी पोरांना बडवत नाही. आधी थांब्यावर जाऊन विचारते, एसटी आली होती का." तिनं मोरळीचं पातं पुसलं. "तुझ्या ह्या दोन चाकांची एसटी कुठली?"

अंगणात शांतता पसरली. तांडेल काकांनी समुद्राकडे बघणं सोडून पहिल्यांदा जीपकडे पाहिलं. साहेबांची वही मिटली. मिस्त्री काही न बोलता जीपखाली सरकला.

पुढच्या दोन्ही चाकांची एसटी एकच होती. मास्टरकडून लोखंडी नळी चासीच्या कडेनं येते. चाकांचा ॲक्सल पाट्यांवर वरखाली नाचतो, त्यामुळे चासी आणि ॲक्सल यांच्यामध्ये वीतभर रबरी होज असतो. त्यानंतर डावी-उजवी अशा वाटा फुटतात. त्या होजमधून गेलं तरच दोन्ही चाकांना पोहोचणार.

जीपखालून आवाज आला. "होज तर झकास आहे, शेठ. काळाकुळकुळीत. एक चीर नाही."

"पापलेट वरून सगळीच चकाकतात," मावशी म्हणाली. "कल्ला उघडून बघ."

मिस्त्रीनं होजचं ॲक्सलकडचं टोक सोडलं. "दाबा!" मी दाबलं. काही नाही. मग दुसरं टोकही सोडलं. "दाबा!" लोखंडी नळीतून अशी चिळकांडी उडाली की मिस्त्रीची बिडी विझली. म्हणजे एसटी बोईसरहून निघत होती, नाक्यापर्यंत येत होती आणि आमच्या थांब्याच्या अलीकडेच गायब होत होती.

होज मावशीकडे दिला. तिनं तो मोरळीवर धरून बोंबलासारखा मधोमध चिरला. बाहेरचं रबर शाबूत, त्याखालचं सुती विणकाम शाबूत, पण आतलं अस्तर वयानं सुजून, फुगून, सुटं होऊन स्वतःवरच मिटलं होतं. भोक असं उरलंच नव्हतं. मिस्त्रीनं निपल साफ करायची तार घालून पाहिली, ती आत जाईना.

आणि मग मला पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट आठवली. बोईसरहून परत आलो तेव्हा पुढचे दोन्ही ड्रम इतके तापले होते की पाण्याचा थेंब चर्रकन उडाला. तेव्हाही मिस्त्रीनं ॲडजस्टर ढिले करून दिले आणि आम्ही ते विसरलो. होजनं ती पहिली चिठ्ठी पाठवली होती. पायाच्या जोरानं तेल कसंबसं पुढे ढकललं जात होतं, पण परतीला जोर कुठला? ते तिकडेच अडकायचं, शू चिकटलेले राहायचे, ड्रम तापायचे. आधी परतीची वाट बंद झाली, मग जाण्याचीही. ब्रेक आधी सुटेना, मग लागेना. एकाच आजाराची ही दोन टोकं आहेत, हे आम्हाला पुस्तक न वाचणाऱ्या बाईनं, जीपला हात न लावता सांगितलं.

साहेब म्हणाले, "एक गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे. सगळे होज बदला." या वेळी कोणी वाद घातला नाही. चारही नवे आले. जुनं ऑइल सगळं काढून नवं भरलं, आणि पुन्हा मंत्र सुरू झाला. मार, मार, मार, धर, सोड. आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पुढच्या निपलमधून पहिली चिळकांडी आली तेव्हा तांडेल काकांनी टाळी वाजवली. त्यात चार बुडबुडेही आले. काकांनी ते सगळ्यांना दाखवले. चार दिवसांनी का होईना, हवा निघाली होती.

सुरूच्या झाडांजवळच्या रस्त्यावर चाचणी झाली. साहेबांनी खडूनं रेघ मारली. काका हट्टानं मागे बसले, शेजारी मावशीची रिकामी टोपली. मी वेग घेतला आणि रेघेवर पाय दिला. जीप जागच्या जागी, सरळ, नाक खाली घालून थांबली. रिकामी टोपली काकांच्या डोक्यावर टोपीसारखी बसली. आतून आवाज आला, "बरोबर लागला."

बिल मोठं झालं. लायनर, सिलिंडर, किटं, मास्टर, मडगार्डचा रंग, चार दिवसांचे चहा. दुखणं ज्याचं होतं तो एक होज त्या यादीत सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत स्वस्त. मिस्त्रीनं तो फुकट दिला. त्याला लाज वाटली असावी, किंवा मलाच तसं वाटावं असं त्याला वाटलं असावं.

मावशीनं मात्र पैसे वसूल केले. मोरळी ब्रेक ऑइलनं बाटली होती. राखेनं घासली, चिंचेनं घासली, वास जाईना. आणि भाच्यानं सांगितलं होतंच की ते विषारी असतं, आता त्यावर मासळी कापायची नाही. "नवी घेऊन दे," ती म्हणाली. ती होजपेक्षा महाग निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन मोरळी आणायला बोईसरला निघालो. गावाच्या थांब्यावर तिचे दोघे नातू दप्तरं पाठीला लावून उभे. मावशीनं माझ्या दंडाला कोपर मारलं. मी ब्रेकवर पाय दिला. जीप पोरांसमोर अशी थांबली की त्यांच्या चपलांना धूळही लागली नाही.

"काय रे, इथं काय करताय? शाळा?"

"एसटी आली नाही, आजी," थोरला म्हणाला. धाकट्यानं मान हलवली. दोघांच्या तोंडावर साधुसंतांचा भाव.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. बघ, मी म्हटलं नव्हतं, असं ते बघणं होतं. "मग चढा मागं. आम्ही सोडतो शाळेत."

दोघं हलेनात. तेवढ्यात मागून जोरात हॉर्न वाजला. आरशात पाहिलं तर जीपच्या मागे लाल एसटी उभी, आणि ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून मला बाजूला व्हायला सांगतोय.

पोरांनी एसटी पाहिली, आजी पाहिली आणि दप्तरांसकट सुरूच्या झाडांकडे धूम ठोकली. दोघं एकदम.

मावशी बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग पदर खोचून खाली उतरता उतरता म्हणाली, "तू हो पुढं. ह्यांचा होज ठीक आहे, लायनरच गेलेत."